वालचंद हिराचंद आणि बंगळूरचा कारखाना

बंगळूर शहरात मे महिन्यातील वळवापासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत पाऊस केव्हाही गाठतो. जुन्या गाडीचा वायपर नेमका अशाच वेळी बंद पडतो. जाणता मेकॅनिक तेव्हा ठरलेल्या क्रमाने दोष शोधतो. प्रथम तो फ्यूज पाहतो, कारण हे काम सर्वांत सोपे व कमी खर्चाचे असते. फ्यूज चांगला असेल तर बटण दाबून मोटारीचा आवाज ऐकतो. मोटार घरघरते पण दांडी हलत नाही, याचा अर्थ दांडीच्या बुडाचा नट सैल झाला आहे, किंवा मोटारीची गती दांडीपर्यंत नेणारी पट्टी निसटली आहे. मोटार गप्पच असेल तर तिच्यापर्यंत वीज पोहोचते का, अर्थिंगची जोडणी गंजली आहे का, हे पाहावे लागते. वीज पोहोचूनही ती फिरत नसेल तर आतील कार्बन झिजल्याचा संभव असतो. वायपर चालतो पण काचेवर पाण्याचे पट्टे राहतात, असे असेल तर उन्हाने कडक झालेले रबर बदलले की बहुधा भागते.

दोष सापडल्यावर प्रश्न उरतो तो सुट्या भागाचा. आज तो भाग बाजारात शोधता येतो. परंतु स्वातंत्र्यापूर्वी मोटारगाडी आणि तिचे बहुतेक सुटे भाग परदेशांतून बोटीने येत असत. गाड्या दुरुस्त करणारे कुशल हात आपल्याकडे होते. गाड्या घडविणारा कारखाना मात्र नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी ज्यांनी आयुष्याची अनेक वर्षे वेचली, त्यांत वालचंद हिराचंद यांचे नाव अग्रभागी आहे.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे सौराष्ट्रातील, गुजराती जैन व्यापाऱ्यांचे. पण ते महाराष्ट्रात स्थायिक झाले होते. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई वारली. वडील हिराचंद नेमचंद यांचा सोलापुरात व्यापार होता. वालचंदांनी मुंबई व पुणे येथे महाविद्यालयीन शिक्षण घेतले, परंतु ते पुरे न करताच ते व्यवसायाकडे वळले. घरच्या व्यापारात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेतील नोकरीचा अनुभव असलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर भागीदारी करून त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेण्यास प्रारंभ केला. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरू झालेला हा व्यवसाय पुढे बोरघाटातील बोगद्यांपर्यंत जाऊन पोहोचला. १९२६ मध्ये त्यातूनच हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली.

मोठ्या कामात उडी घेण्याचा त्यांचा स्वभाव पहिल्या महायुद्धानंतर सर्वांच्या प्रत्ययास आला. १९१९ मध्ये त्यांनी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून विकत घेतलेले 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. समुद्रावर ब्रिटिश कंपन्यांचे वर्चस्व होते व भाडे पाडून प्रतिस्पर्ध्याला बुडविण्याचे त्यांचे तंत्र जुने होते. सिंदिया कंपनीने तो मार सोसला आणि ती टिकून राहिली. ५ एप्रिल हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो, तो या प्रवासामुळेच. रावळगाव आणि वालचंदनगर येथील ऊसशेती व साखर कारखाने ही त्यांच्या कर्तृत्वाची आणखी एक शाखा; तिच्याविषयी स्वतंत्रच लिहावे लागेल.

मोटारीच्या कारखान्याची कल्पना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचीही होती. म्हैसूरच्या या माजी दिवाणांनी १९३५ मध्ये युरोप-अमेरिकेतील मोटारींचे कारखाने पाहून एक योजना तयार केली आणि वालचंदांनी तिला पाठबळ दिले. म्हैसूर संस्थानानेही रस दाखविला. परंतु भारत सरकारचा कल अनुकूल नव्हता. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर तर मोटारींचा कारखाना युद्धकार्याला उपयोगी नाही, असा पवित्रा सरकारने घेतला. ज्या युद्धात सैन्याला हजारो मालमोटारी लागणार होत्या, त्या युद्धाच्या तोंडावर घेतलेला हा निर्णय आज तरी अनाकलनीय वाटतो. हिंदुस्थान ही परदेशी मालाची बाजारपेठ राहावी, ही दृष्टी मात्र त्यातून स्पष्ट दिसते.

१९३९ मध्ये याच मोटारींच्या वाटाघाटींसाठी वालचंद अमेरिकेला गेले होते. परतीच्या प्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन व्यावसायिकाशी पडली. पॉलीने चीनमध्ये विमानांचा कारखाना चालविला होता. मोटारीला नकार मिळतो तर विमान का बनवू नये, असा विचार वालचंदांच्या मनात आला. युद्धकाळात विमानांना नकार देणे सरकारला सोपे नव्हते. तरीही मान्यता मिळण्यास बराच काळ लागला.

जागेचा प्रश्न म्हैसूर संस्थानाने सोडविला. तेव्हा सर मिर्झा इस्माईल दिवाण होते. संस्थानाने बंगळूरजवळ सुमारे ७०० एकर जमीन दिली आणि २५ लाख रुपये भांडवल घातले. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कंपनीची नोंदणी झाली. काम विलक्षण वेगाने चालले. माळरानावर इमारती उभ्या राहिल्या, यंत्रे आली, कामगारांना शिकविण्यात आले. ज्यांनी विमान जवळून पाहिलेही नव्हते, अशा तरुणांचे हात पत्रा कापण्यात व रिबिटे मारण्यात तयार झाले. १९४१ च्या ऑगस्टमध्ये येथे जोडलेले हार्लो जातीचे शिक्षण-विमान आकाशात उडाले. कंपनीच्या नोंदणीला तेव्हा पुरते नऊ महिनेही झाले नव्हते.

परंतु हा आनंद फार काळ टिकला नाही. १९४१ च्या अखेरीस जपान युद्धात उतरला आणि युद्धाची झळ हिंदुस्थानच्या सीमेपर्यंत आली. एप्रिल १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचे भाग विकत घेऊन कारखान्याची सूत्रे स्वतःकडे घेतली. १९४३ मध्ये तो अमेरिकन हवाई दलाच्या व्यवस्थेखाली गेला. नवी विमाने बनविण्याचे काम मागे पडले व दुरुस्तीचे काम पुढे आले. मालवाहू डकोटा, पाण्यावर उतरणारी कॅटलिना अशी थकलेली विमाने येथे येत. कॅटलिना विमाने बेळ्ळंदूरच्या तलावावर उतरत. ती पूर्ण उघडून, भाग तपासून, झिजलेले बदलून पुन्हा उड्डाणास सज्ज केली जात. वायपरचा दोष शोधणाऱ्या मेकॅनिकची जी पद्धत, तीच येथे प्रचंड प्रमाणावर आणि कडक शिस्तीत चालत होती. फरक इतकाच की येथील एखादा सैल नट वैमानिकाच्या जिवावर बेतला असता.

वालचंदांना मोबदला मिळाला हे खरे. ते व्यापारी होते, हिशोबाला पक्के होते, आणि व्यवहारात नुकसान सोसून देणाऱ्यांपैकी नव्हते. तरी ज्या कारखान्यासाठी त्यांनी वर्षभर सरकारचे उंबरठे झिजविले, तो हातून जाताना त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

ते थांबले मात्र नाहीत. मोटारीचा विचार त्यांनी सोडलाच नव्हता. अमेरिकेच्या क्रायसलर कंपनीशी केलेल्या कराराच्या आधारे १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईत कुर्ला येथे कारखाना उभारला. १९४७ मध्ये तेथून डॉज, फार्गो यांसारख्या गाड्या बाहेर पडू लागल्या. आरंभी भाग परदेशांतून येत व येथे जोडले जात. हळूहळू काही भाग येथेच तयार होऊ लागले.

त्या काळातील अनेक अमेरिकन गाड्यांचे वायपर विजेवर चालत नसत. इंजिनात निर्माण होणाऱ्या हवेच्या ओढीवर ते चालत. त्यामुळे घाट चढताना चालकाने ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होई आणि भर पावसात वायपर मंदावे. रबरी नळीला बारीकशी चीर पडली तरी तोच परिणाम होई. आपल्या घाटांचा व आपल्या पावसाचा विचार करून गाडी बनवायची, तर ती आपल्याच देशात बनविली पाहिजे, हे अशा लहान गोष्टींवरूनही कळते.

१९४१ मध्ये विशाखापट्टणम येथे त्यांनी जहाजबांधणीच्या कारखान्याचीही पायाभरणी करविली होती. तेथे बांधलेले 'जलउषा' हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आले. पुढच्याच वर्षी वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांना कामातून निवृत्त व्हावे लागले. बंगळूरच्या कारखान्यात मात्र काम पुढे चालू होते. मूळचे कोल्हापूरकडील विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आखलेले 'एचटी-२' हे भारतीय बनावटीचे शिक्षण-विमान १९५१ मध्ये तेथूनच उडाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे वालचंदांचे निधन झाले.

१९६४ मध्ये बंगळूरचा कारखाना हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड या कंपनीत समाविष्ट झाला. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट कंपनीच्या सहकार्याने लहान गाड्या तयार होऊ लागल्या आणि त्यांतीलच एक पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघरी ओळखली गेली. मुंबईतील काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून तिने अनेक दशके पाऊस झेलला. ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाल्या.