कवळाण्याचा गोपाळ आणि गावोगावच्या पुस्तकपेट्या



कांद्याचे रोप जोमदार आले, लागणही वेळेवर झाली, पण आंबवणीचे पाणीच मिळाले नाही तर काय होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. रोप काही दिवस तग धरते आणि मग माना टाकते. शाळेत शिकलेल्या अक्षरांचेही तसेच होते. ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी एका राजाच्या ध्यानात आली. हा राजा शेतकऱ्याच्याच घरात वाढलेला होता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या मोठेपणाच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. आज फक्त त्यांच्या पुस्तकांविषयी बोलू.

नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे गाव आहे. तिथल्या काशीराव गायकवाड यांच्या घरी ११ मार्च १८६३ रोजी गोपाळचा जन्म झाला. आडनाव राजाचे असले तरी घर शेतकऱ्याचेच. १८७५ साली इंग्रज सरकारने बडोद्याच्या मल्हारराव महाराजांना गादीवरून दूर केले. मग खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी गायकवाडांच्या वंशातला मुलगा दत्तक घ्यायचे ठरवले, आणि भावांबरोबर गोपाळही बडोद्याला गेला. निवड त्याचीच झाली. तेव्हा पोराचे वय बारा वर्षांचे आणि लिहिता-वाचता काहीच येत नव्हते.

इथे जरा थांबा. बारा वर्षांच्या ज्या मुलाला अक्षरओळख नाही, त्याला आपण शाळेतून बाद समजतो. ढोरांमागे पाठवतो. या मुलाला मात्र मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदमच सुरू करून दिल्या. इलियट नावाचे इंग्रज शिक्षक नेमले. पहाटेपासून रात्रीपर्यंत वेळापत्रक ठरलेले. पोराला ते जड गेले असणारच, पण मास्तर चांगला मिळाला आणि वाचनाची गोडी लागली ती जन्मभर टिकली. पुढे तर महाराजांनी दरबारात पुस्तके वाचून दाखवण्यासाठी पगारी माणूस ठेवला होता. न्यूटन मोहन दत्त हे तसेच वाचक म्हणून आले आणि नंतर संस्थानच्या ग्रंथालयांचे प्रमुख झाले.

१८८१ च्या अखेरीस राज्यकारभार हाती आल्यावर त्यांनी शाळा वाढवल्या. १८९३ साली अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीचे आणि मोफत शिक्षण सुरू करून पाहिले. १९०६ साली तोच कायदा सगळ्या संस्थानाला लावला. सात ते बारा वर्षांचा मुलगा आणि सात ते दहा वर्षांची मुलगी शाळेत गेलीच पाहिजे, नाहीतर बापाला दंड. लोक खूश झाले असतील असे समजू नका. गुरे कोण राखणार, पाखरे कोण हाकणार, हा प्रश्न तिथल्या शेतकऱ्यालाही होताच. दंड भरू पण पोरगा शेतातच ठेवू, असे म्हणणारेही पुष्कळ निघाले.

खरी अडचण मात्र त्यानंतरची होती. पोरगा चार-पाच यत्ता शिकून बाहेर पडायचा, घरात छापील कागदाचा तुकडा नसायचा आणि काही वर्षांत शिकलेले विसरून जायचा. दंड, मास्तरांचे पगार, इमारती, सगळा खर्च मातीत. म्हणून महाराजांनी शाळेच्या पाठोपाठ ग्रंथालय हाती घेतले. अमेरिकेच्या दौऱ्यात तिथली सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली होती. १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन जाणकाराला बोलावून आणले. राजवाड्यातली स्वतःची सुमारे वीस हजार पुस्तके मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकली. फी नाही. वाचकाने स्वतः मांडणीपाशी जाऊन पुस्तक हातात घ्यावे, अशी मुभा. लहान मुलांसाठी निराळा विभाग, त्यात चित्रांची पुस्तके आणि खेळसुद्धा. खेळायला आलेले पोर पुस्तकापाशी बसते, हे त्या लोकांनी ओळखले होते.

गावांचे काम सोपवले ते मोतीभाई अमीन यांच्यावर. हे चरोतरातले, पेशाने शिक्षक. सरकारी योजना येण्याआधीपासूनच त्यांनी खेड्यांत वाचनमंडळे काढली होती. सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी पुढचा हिशेब नीट वाचावा. गावाने शंभर रुपये जमवले की प्रांताची पंचायत, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखी संस्था, शंभर देई आणि संस्थान आणखी शंभर देई. आधी गावाची वर्गणी, मग सरकारचा पैसा. आपल्याकडे बरेचदा उलटे चालते. फुकट आलेल्या वस्तूला धनी नसतो, हा अनुभव मला बियाण्याच्या पिशव्या वाटतानाही आला आहे.

जिथे वर्गणी जमणे कठीण, तिथे फिरती पेटी. मजबूत लाकडी पेटीत पंधरा ते तीस पुस्तके भरून रेल्वेने पाठवायची. जाण्या-येण्याचे भाडे ग्रंथालय खाते भरी. पुस्तके वाचून झाली की पेटी परत, दुसरी हजर. पुष्कळ गावांत हे सांभाळणारा माणूस म्हणजे शाळेचा मास्तरच. त्यामुळे मास्तरच्याही हातात पाठ्यपुस्तकापलीकडचे काही पडू लागले. वाचायला हवे तर लिहिलेलेही हवे, म्हणून महाराजांनी दोन लाख रुपये बाजूला काढून ठेवले. त्यांच्या व्याजातून मराठी-गुजराती पुस्तके निघत. मुलांसाठी वेगळी बालज्ञानमाला होती.

सगळे गोडच होते असे नाही. अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या शाळांत शिकवायला सवर्ण मास्तर तयार होत नसत. सुरुवातीला मुसलमान शिक्षक नेमावे लागले. राजाचा हुकूम होता, तरी मास्तरांचे मन बदलायला वेळ लागला.

एका गावात कांदाचाळीची पाहणी करायला गेलो होतो. पाऊस आला म्हणून शाळेत थांबलो. कपाटात काचेआड नवीकोरी गोष्टींची पुस्तके होती, कपाटाला कुलूप. गुरुजी म्हणाले, पुस्तक हरवले तर भरपाई माझ्या पगारातून. त्यांचेही खोटे नव्हते. दारात भिजत उभी असलेली दोन पोरे मात्र काचेला नाक लावून चित्रे बघत होती. मग ग्रामपंचायतीतल्या एका सदस्याने, नुकसान झाले तर पंचायत भरील, असा ठराव मांडायचे कबूल केले. तो ठराव पुढच्या मासिक सभेत झाला. कुलूप आता शनिवारी निघते.

सयाजीराव ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत वारले. मोतीभाईही त्याच वर्षी गेले. तोवर संस्थानातल्या शेकडो खेड्यांत ग्रंथालये उभी राहिली होती. मालाच्या निमित्ताने किंवा सोयरिकीला बडोद्याकडे जाणे झाले, तर मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय बघून या. आत लोखंडी मांडण्या आणि काचेची जमीन आहे. पोरांना बरोबर न्या.