बदनामीनंतरची पंधरा वर्षं : माधव ज्यूलियन

आमच्या गोंडपिपरीकडचे पोट्टे होस्टेलवर आले की सोबत सुरेश भटांच्या गझला घेऊनच येतात. भट अमरावतीचे, म्हणजे आपल्या विदर्भाचे. पण त्यांच्याही आधी गझल मराठीत रुजवली ती एका प्राध्यापकाने, आणि तो प्राध्यापक एकेकाळी पुण्यात भलताच बदनाम झाला होता. त्याचं नाव माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजेच कवी माधव ज्यूलियन.

त्यांचा जन्म २१ जानेवारी १८९४ चा, बडोद्याचा. १९१८ साली एम. ए. झाले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात फारसी शिकवू लागले. १९२३ मध्ये रविकिरण मंडळ सुरू झालं. यशवंत, गिरीश, नाट्यछटाकार दिवाकर अशी मंडळी त्यात होती. कवी एकत्र बसून कविता वाचत, एकमेकांच्या चुका काढत. माधवरावांचं नाव गाजू लागलं होतं.

आणि तिथेच माशी शिंकली. एका विद्यार्थिनीशी त्यांचा स्नेह जुळला आणि गावभर बोभाटा झाला. प्रेमकविता लिहिणारा मास्तर म्हटल्यावर लोकांना आयतंच निमित्त मिळालं. १९२४ मध्ये त्यांना फर्ग्युसन सोडावं लागलं. वय अवघं तीस. पुन्हा कॉलेजात शिकवायला मिळालं ते थेट १९२८ साली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात.

आता मधल्या चार वर्षांत माणसाने काय करावं? कुढत बसावं, नाहीतर लोकांशी भांडत बसावं. माधवरावांनी काम काढलं. १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश आला. १९२६ मध्ये 'विरहतरंग' हे खंडकाव्य आलं, आणि विषय कुठला, तर कॉलेजातलं प्रेमच! १९२७ मध्ये 'छंदोरचना' आली.

हे 'छंदोरचना' आपल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी जरूर चाळावं. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूची दोन. एवढ्या दोन आकड्यांवर त्यांनी मराठी पद्याची मांडणी केली. लघु-गुरूचा क्रम ठरलेला असेल तर वृत्त, मात्रा मोजायच्या असतील तर जाति, नुसती अक्षरं मोजायची असतील तर छंद. सर्किट उलगडावं तशी त्यांनी कविता उलगडली. १९३७ मध्ये हा ग्रंथ सुधारून पुन्हा काढला. १९३८ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली.

दरम्यान खय्यामच्या रुबाया मूळ फारसीवरून मराठीत आणल्या. १९३३ मध्ये 'गज्जलांजलि' आली. १९३६ साली जळगावच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. ज्याला बारा वर्षांपूर्वी कॉलेज सोडावं लागलं, त्यालाच समाजाने मानाच्या खुर्चीवर बसवलं. त्यांची आणखी एक गंमत म्हणजे हा फारसीचा पंडित पुढे भाषाशुद्धीचा कट्टर पुरस्कर्ता झाला आणि फारसी शब्दांनी भरलेल्या आपल्याच जुन्या कविता दुरुस्त करू लागला. २९ नोव्हेंबर १९३९ रोजी ते गेले, वयाच्या ४५ व्या वर्षी. पत्नी लीलाताईंनी पुढे 'आमची अकरा वर्षे' या पुस्तकात त्यांच्या सहवासाच्या आठवणी लिहिल्या.

म्हणजे माधवरावांचं चुकलं नाही का? तसं म्हणवत नाही. शिकवणाऱ्याच्या हातात मार्क असतात, मान असतो. म्हणून त्याने जास्त जपून वागायला हवं, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. शिवाय माधवरावांना पुढे ग्रंथ मिळाले, पदवी मिळाली. पण त्या बोभाट्याची झळ त्या मुलीलाही लागलीच असणार. तिचा विचार किती जणांनी केला?

आपल्या होस्टेलमध्येही एखाद्या पोरीचं नाव कुणाशी जोडायला एक रात्र पुरते. तेव्हा कुणाची कुजबुज कानावर आली की ती पुढे ढकलण्याआधी एवढं आठवा. तक्रार खरी असेल तर ती योग्य ठिकाणी जाऊ द्या. नुसती मजा असेल तर आपल्यापाशीच थांबवा. आणि कधी आपल्यावरच वेळ आली, तर माधवरावांसारखं कामाला लागा.