नंबर वाटणारा माणूस

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला!

सुट्टीत एका ऑफिसात इनप्लांट ट्रेनिंगला गेले होते. तिथला एक इंटरनेट फोन सुरूच होईना. दिवा लागायचा, कारण वीज नेटवर्कच्या केबलमधूनच येते. पण पुढे गाडी ठप्प. सरांनी मला पॅकेट्स बघायला बसवलं. बघते तर फोन बिचारा पोर्ट ६८ वरून ६७ ला हाका मारतोय, की मला पत्ता देणारं कोणी आहे का? उत्तर नाही. स्विचवर त्याचा व्हीलॅन चुकीचा दिला होता. तो बदलल्यावर डीएचसीपी सर्व्हरने आयपी पत्ता दिला आणि सेटिंगची फाईल कुठे मिळेल तेही सांगितलं. फोनने पोर्ट ६९ वर ती फाईल मागितली, मग ५०६० वर सिप सर्व्हरकडे आपलं एक्स्टेन्शन नोंदवलं आणि डायल टोन आला!

पण ६७, ६८, ६९ हे आकडे आले कुठून? शोधत गेले आणि जॉन पोस्टेल भेटले.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातला. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये शिकत असताना ते अर्पानेटच्या कामात पडले. कुठल्या कामाला कुठला नंबर, याचा घोळ होऊ नये म्हणून कोणीतरी एकाने हिशेब ठेवायला हवा, असं त्यांनी १९७२ मध्ये सुचवलं आणि ते काम स्वतःच्याच गळ्यात घेतलं. पुढे जॉयस रेनॉल्ड्स यांच्याबरोबर ते ही यादी छापत राहिले. आरएफसी नावाच्या नियमपत्रकांचे संपादकही तेच, जवळजवळ तीस वर्षं!

१९८० मध्ये त्यांनी यूडीपी लिहिलं. कागद फक्त तीन पानांचा. पण आज फोनची पत्त्यासाठीची हाक, फाईलची मागणी आणि बहुतेक वेळा आपला आवाजही त्यावरूनच जातो. देशांची डोमेन नावं वाटायचं कामही त्यांच्याकडेच होतं. आपलं डॉट इन १९८९ चं, म्हणजे त्यांच्याच काळातलं.

जानेवारी १९९८ मध्ये मात्र खळबळ उडाली. इंटरनेटच्या नावांचा ताबा कोणाकडे, हा वाद तेव्हा पेटला होता. पोस्टेल यांनी आठ रूट सर्व्हरच्या चालकांना ईमेल करून मूळ माहिती सरकारी कंत्राटदाराऐवजी आपल्या मशिनवरून घ्यायला सांगितली. त्यांनी ऐकलं! अमेरिकन सरकारने डोळे वटारल्यावर पोस्टेल यांनी ही चाचणी होती असं सांगून सगळं पूर्ववत केलं. बरोबर की चूक, यावर आमच्या हॉस्टेलमध्ये रात्री दोनपर्यंत भांडण झालं. माझं मत असं, की एका भल्या माणसाच्या शब्दावर जग चालणं छान असलं तरी धोक्याचं आहे. तो माणूस गेला तर?

आणि तसंच झालं. कारभार सांभाळायला सप्टेंबर १९९८ मध्ये आयकॅन ही संस्था स्थापन झाली आणि १६ ऑक्टोबरला, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर, पोस्टेल गेले. वय अवघं ५५. पण यादी नीट लिहिलेली होती, म्हणून काही अडलं नाही.

आम्ही जर्नल शेवटच्या रात्री कॉपी करतो. त्या माणसाने तीस वर्षं नोंदी चोख ठेवल्या. पुढच्या वेळी डायल टोन ऐकाल, तेव्हा त्यांना एक सलाम ठोका!