दरीतील गाणी आणि त्यांची मालकी

जे गाणे पिढ्यान् पिढ्या तोंडोतोंडी चालत आले, ज्याचा कर्ता कोणालाच ठाऊक नाही, त्या गाण्याला मालक असू शकतो काय? कायद्याच्या दृष्टीने हा प्रश्न सोपा आहे, अर्थशास्त्राच्या दृष्टीने अवघड आणि नीतीच्या दृष्टीने तर बिकटच. अमेरिकेतील ग्रामीण संगीताच्या आरंभकाळी तो एका माणसाच्या आयुष्यातून उभा राहिला. तो माणूस म्हणजे कार्टर कुटुंबाच्या गायकत्रयीचे प्रमुख ए. पी. कार्टर.

कार्टर यांचा जन्म १५ डिसेंबर १८९१ रोजी व्हर्जिनिया राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, क्लिंच पर्वताच्या पायथ्याशी झाला. त्या खोऱ्याचे नाव पुअर व्हॅली, म्हणजे गरीब दरी. जमीन निकस, शेती तुटपुंजी. परंतु गाण्याच्या बाबतीत ही दरी श्रीमंत होती. स्कॉटलंड, आयर्लंड व इंग्लंड येथून आलेल्या वसाहतकारांनी आपली कथागीते व फिडल बरोबर आणले होते. बँजो हे वाद्य आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या स्मृतीतून घडले होते. आणि चर्चमधील भजनांनी या साऱ्यांना एक सामाईक स्वर दिला होता. कार्टर यांच्या हाताला व आवाजाला जन्मापासून कंप होता. अशा माणसाने गायनाच्या वाटेला जावे हेच नवल. पण गाण्याचा त्यांना ध्यास होता. गावोगाव हिंडून फळझाडांची रोपे विकणे हा त्यांचा व्यवसाय. १९१५ साली त्यांनी सारा डॉगर्टी या तरुणीशी विवाह केला. सारा यांचा भारदस्त, धीरगंभीर आवाज हाच पुढे या कुटुंबाच्या गायनाचा कणा ठरला. १९२६ साली सारा यांच्या नात्यातील बहीण मेबेल ही कार्टर यांच्या धाकट्या भावाची पत्नी झाली आणि त्रयी पुरी झाली.

१९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर या ध्वनिमुद्रण कंपनीच्या वतीने राल्फ पिअर नावाचे गृहस्थ टेनेसी व व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी यंत्रसामग्री घेऊन आले. भावाची मोटार मागून घेऊन कार्टर कुटुंब डोंगरी रस्त्याने तेथे पोहोचले. मेबेल तेव्हा अवघ्या अठरा वर्षांच्या व गरोदर होत्या. १ व २ ऑगस्ट या दोन दिवसांत त्यांनी सहा गाणी मुद्रित केली. प्रत्येक गाण्यास ५० डॉलर मिळाले. रोपे विकून पोट भरणाऱ्यास दोन दिवसांत तीनशे डॉलर ही रक्कम लहान नव्हती.

तथापि खरा व्यवहार त्या पन्नास डॉलरांत नव्हता. १९०९ च्या अमेरिकन कायद्याने तबकडीवरील प्रत्येक गाण्यामागे, प्रत्येक प्रतीस दोन सेंट इतके स्वामित्वधन गीताच्या हक्कदारास ठरवून दिले होते. पिअर यांनी कंपनीकडून भरघोस पगार मागण्याऐवजी हे गीतहक्क आपल्याकडे घेतले आणि त्यातील वाटा कलावंतांना देऊ केला. त्यामुळे त्यांना हवी असत ती अशी गाणी, की जी ऐकणाऱ्यास ओळखीची वाटतील, पण ज्यांच्यावर अद्याप कोणाचे नाव नोंदलेले नसेल. शहरातील लोकप्रिय गीत घेतले तर पैसा दुसऱ्याच्या खिशात जाई. डोंगरातील बेवारस गीताला नवी चाल वा नवे कडवे जोडले, की ते नोंदता येई. जी वस्तू काल सर्वांची होती ती अशा रीतीने आज एकाची मालमत्ता होऊ लागली. गावकीच्या कुरणाला कुंपण पडावे तसा हा प्रकार होता, फक्त कुंपणाची काठी येथे कागदाची होती.

या मागणीनेच कार्टर यांचे पुढील आयुष्य घडवले. ते गाण्यांच्या शोधात दऱ्याखोऱ्यांतून भटकू लागले. १९२८ च्या सुमारास त्यांची भेट किंग्जपोर्ट येथील लेस्ली रिडल या कृष्णवर्णीय गिटारवादकाशी झाली. सिमेंट कारखान्यातील अपघातात रिडल यांनी एक पाय गमावला होता. दोघांनी मिळून अनेक वर्षे भ्रमंती केली. वर्णभेदाचे कायदे कडक असलेल्या दक्षिणेत ही सोबत सामान्य नव्हती. कार्टर शब्द टिपून घेत आणि रिडल चाल ध्यानात ठेवत. घरी परतल्यावर ते ती सारा व मेबेल यांना शिकवत. मात्र तबकडीवर नाव छापले जाई ते ए. पी. कार्टर यांचे. रिडल यांचे नाव जगाला कळले ते १९६० नंतरच्या दशकात, संशोधकांनी त्यांचा शोध घेतल्यावर.

हिशेबातील दुसरी त्रुटी घरातलीच होती. गाण्याचे तेज होते सारा यांच्या कंठात. मेबेल अंगठ्याने खर्जाच्या तारांवर चाल वाजवीत आणि बोटांनी वरच्या तारांवर ठेका धरीत. साथीपुरत्या असलेल्या गिटारला यातून अग्रस्थान मिळाले. ही पद्धत पुढे असंख्य वादकांनी उचलली. परंतु वादनशैलीची नोंद करण्याची सोय कायद्यात नव्हती. शब्द व चाल यांनाच मोल; कंठ आणि बोटे यांची गणना मजुरीत.

मग कार्टर यांनी लूट केली असे म्हणावयाचे काय? माझ्या मते तसे म्हणणे अन्यायाचे होईल. गाण्यांची ओबडधोबड कडवी सांधणे, विस्मृतीत चाललेली चाल पुन्हा उभी करणे हे श्रमच होते. शिवाय या व्यवस्थेने त्यांनाही कोठे सुखी केले? त्यांच्या दीर्घ अनुपस्थितीत संसार विस्कटला. सारा वेगळ्या झाल्या आणि १९३९ साली त्यांनी कार्टर यांच्याच एका नातलगाशी विवाह केला. तरीही काही काळ तिघेही एकत्र गात राहिले. मंदीच्या लाटेत तबकड्यांचा बाजार कोसळला, तेव्हा १९३८ पासून टेक्सासच्या सीमेपलीकडील मेक्सिकोतील अतिशक्तिमान नभोवाणी केंद्राने त्यांचे स्वर दूरदूरच्या खेड्यांत पोहोचवले. अडीचशेहून अधिक गाणी मुद्रित करून १९४० नंतरच्या दशकाच्या आरंभी ही त्रयी विसर्जित झाली. कार्टर दरीत परतले, एक किराणा दुकान काढून बसले आणि ७ नोव्हेंबर १९६० रोजी जवळजवळ विस्मृतीतच निवर्तले.

यानंतर मात्र काळाने हिशेब थोडा चुकता केला. बिल मन्रो यांच्या वाद्यवृंदातून ज्या ब्लूग्रास संगीताचा उदय झाला, त्याच्या वादकांनी कार्टर कुटुंबाची गाणी पाठांतरासारखी गिरवली. लेस्टर फ्लॅट व अर्ल स्क्रग्ज यांनी १९६१ साली मेबेल यांना सोबत घेऊन या गाण्यांची एक संपूर्ण ध्वनिमुद्रिकाच काढली. १९७० साली ही त्रयी कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाली. कार्टर यांची कन्या जॅनेट यांनी पित्याच्याच जुन्या दुकानात १९७४ साली साप्ताहिक मैफली सुरू केल्या.

गाण्याला कुंपण घालता येते, पण त्याची वाट अडवता येत नाही, हेच या कथेचे सार दिसते. कार्टर यांनी भजनातून उचललेली एक चाल वुडी गथ्री यांनी १९४० साली आपल्या सर्वांत प्रसिद्ध गीतासाठी उचलली, आणि ती आता देशाचीच झाली आहे. अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्याने १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांना २०२७ च्या अखेरपर्यंतच संरक्षण दिले आहे. म्हणजे शंभर वर्षांच्या खासगी मालकीनंतर ब्रिस्टलचे ते स्वर जेथून आले तेथे, सर्वांच्या मालकीत परत जाणार, अशी ही तरतूद आहे. हा न्याय उशिराचा असला तरी न्यायच होय. परंतु त्यात लेस्ली रिडल यांच्या वाट्याचे दोन सेंट कोणत्याही कायद्याने परत येत नाहीत. लोकपरंपरेचे जतन करणाऱ्या कोणत्याही समाजाने गाणे टिपताना गाणाऱ्याचे आणि ते सांगणाऱ्याचे नावही टिपले पाहिजे, एवढा धडा त्या गरीब दरीतून घेण्यासारखा आहे.