पौल गेऱ्हार्ट आणि आगमनकाळची शांति

नाताळापूर्वीचे चार रविवार प्रभूच्या आगमनाचें चिंतन करण्याचे. परंतु ज्याच्या घरीं दुःख आहे त्यास या चिंतनानें शांति मिळेल काय? असें विचारणाऱ्या बंधुभगिनींस आम्ही जर्मन पाळक पौल गेऱ्हार्ट यांची हकीकत सांगतों.

त्यांचा जन्म सन १६०७ चा. आईबाप लवकर वारले. सन १६१८ ते १६४८ पर्यंत चाललेल्या युद्धांत स्वीडनच्या सैन्यानें त्यांचें जन्मगांव जाळलें. पाळकाची जागा मिळाली तेव्हां ते ४४ वर्षांचे होते. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीं, प्रभु यरुशलेमांत प्रवेश करितो तें मत्तयाच्या २१ व्या अध्यायांतील वृत्त तिकडे उपासनेंत वाचीत. त्यावर मनन करून, अशा राजाला आपण कसें सामोरें जावें, याविषयीं त्यांनीं एक गीत रचिलें. तें १६५३ सालीं छापलें गेलें. शोकग्रस्तांस धीर देणारीं कडवीं त्यांत आहेत.

तीं पुढें त्यांस स्वतःलाच लागलीं. पांच लेंकरांपैकीं चार दगावलीं. बर्लिनांत असतां, दुसऱ्या पंथावर व्यासपीठावरून टीका न करण्याच्या हुकुमावर सही देण्यास त्यांनीं नाकारिलें, म्हणून १६६६ सालीं त्यांस काढून टाकिलें. (भांडण मिटविण्याचा त्या हुकुमाचा हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं.) पुढें सही माफ झाली, तरी हुकूम पाळण्याची अपेक्षा राहिलीच, तेव्हां मन दुखवून मिळणारी जागा त्यांनीं घेतली नाहीं. १६६८ सालीं पत्नीहि वारली. उरलेल्या एका मुलास घेऊन ते ल्युबेन गांवीं गेले, व १६७६ सालीं मरेपर्यंत तेथेंच पाळकपण केलें. तें गीत जर्मन मंडळ्या आगमनकाळांत अजून गातात.