गलगंडावर मिठाचा उपाय करणारे डॉ. रामलिंगस्वामी



डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांचा जन्म १९२१ साली आजच्या आंध्र प्रदेशातील श्रीकाकुळम येथे झाला. विशाखापट्टणमला डॉक्टर होऊन ते पुढे ऑक्सफर्डला शिकले.

हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात गलगंड फार होता. १९५६ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीनयुक्त मीठ दिले, एकात साधेच. काही वर्षांत त्या दोन भागांत गलगंड बराच घटला, तिसऱ्यात तसाच राहिला. मग तेथेही आयोडीनयुक्त मीठ दिले गेले. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९६९ ते १९७९ ते दिल्लीच्या एम्सचे संचालक होते. २००१ साली त्यांचे निधन झाले.

पालकांनो, आयोडीन कमी पडले की थायरॉईड ग्रंथी फुगते. गर्भातील बाळाच्या मेंदूची वाढही खुंटते. सतत थकवा, वाढते वजन, थंडी न सोसणे अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने टीएसएच तपासावे. ग्रंथी मंदावली की हा आकडा बहुधा वाढतो, ती जास्त काम करू लागली की घटतो.

मीठ घेताना पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द मुलांकडून अवश्य वाचून घ्या.

– मुख्याध्यापक