अ‍ॅलन ग्रिफिथ: काच आणि पोलाद का तुटतं याचा हिशोब मांडणारा माणूस

मागे माझ्या मोबाईलच्या स्क्रीनला कोपऱ्यात केसाएवढी चीर गेली. म्हटलं, चालतंय की. पुढे एकदा खिशात नुसता दाब पडला आणि चीर सरळ दुसऱ्या टोकाला! असं का होतं ते शोधताना मला अ‍ॅलन अरनॉल्ड ग्रिफिथ भेटले.

जन्म 1893, लंडन. लिव्हरपूलला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून 1915 मध्ये ते फार्नबरोच्या सरकारी विमान कारखान्यात लागले. तिथे त्यांनी एक प्रश्न धरला: गणिताने जेवढी ताकद निघते, त्याच्या कितीतरी कमी जोरात वस्तू तुटतात कशा? त्यांनी प्रयोगाला काच घेतली, तापवून तिचे धागे ओढले. धागा जितका बारीक, तितका मजबूत. सगळ्यात बारीक धागा साध्या काचेच्या जवळपास वीसपट ताण सोसत होता! म्हणजे खरा दोष काचेतल्या न दिसणाऱ्या चिरांचा.

1921 च्या निबंधात त्यांनी हिशोब मांडला. चीर वाढली की ताणलेल्या वस्तूत साठलेली ऊर्जा सुटते, पण नवा पृष्ठभाग तयार व्हायला ऊर्जा लागतेही. सुटणारी जास्त झाली की चीर आपोआप धावते. चीर चौपट लांब असेल तर निम्म्या ताणातच खेळ खल्लास.

पोलादाला मात्र हे जसंच्या तसं लागू पडेना. पोलाद चिरेच्या टोकाशी आधी ताणलं जातं, त्यात खूप जास्त ऊर्जा खपते. ग्रिफिथ इंजिनांकडे वळले. तिथे ते चुकलेही: 1929 मध्ये फ्रँक व्हिटलची जेट इंजिनची कल्पना त्यांनी व्यवहार्य नाही म्हणून बाजूला सारली. एवढा हुशार माणूस, मला अजून पटत नाही. 1939 पासून ते रोल्स-रॉइसमध्ये जेटवरच काम करत होते!

16 जानेवारी 1943. अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात बांधलेलं, नवंकोरं वेल्डिंगचं टँकर जहाज ‘स्केनेक्टडी’ जवळजवळ मधोमध दुभंगलं. रिव्हेटच्या जहाजात चीर बऱ्याचदा पत्र्याच्या कडेला अडायची. वेल्डिंगने सगळं एकसंध, अडणार कुठे?

1950 च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या जॉर्ज अर्विननी ग्रिफिथचा हिशोब पोलादासाठी सुधारला. आजही वेल्डच्या जोडातला तुकडा कापतात, खाच पाडतात, पुन्हापुन्हा ताण देऊन मुद्दाम बारीक चीर तयार करतात आणि मग ती किती जोराला धावते ते मोजतात. चिरेतून सुटणाऱ्या ऊर्जेसाठी सूत्रात ‘जी’ हे अक्षर लिहितात, ते ग्रिफिथ यांच्या नावावरून. 1963 मध्ये ते गेले, तोवर ही टेस्ट नुकतीच आकार घेत होती.